हरणीच्या गोळीचे माप

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध पशुवैद्य राहत होते. त्यांचे बोलणे फार थोडे, आणि तेही बहुधा जनावरांशी. माणसांना ते आढ्यताखोर वाटत. जनावरांची मात्र काही तक्रार नव्हती. पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली एक शिष्या अनुभवासाठी त्यांच्या दवाखान्यात येत असे.

त्याच गावात शिवलिंगअप्पा नावाचे भुसार व्यापारी होते. पत्नी निवर्तलेली, एकुलती लेक महानंदा लग्न होऊन लांब गेलेली. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ असे, पण संध्याकाळी घराचे कुलूप काढले की आत वाट पाहणारे कोण, तर हरणी नावाची म्हातारी कुत्री. अप्पा तिला तुरीच्या भावापासून भाजीत मीठ जास्त पडल्यापर्यंत सगळे सांगत. एकटा माणूस असाच बोलका होतो आणि पुढेपुढे त्याला त्याची लाजही वाटेनाशी होते.

पिल्ले होऊ नयेत म्हणून हरणीचे ऑपरेशन फार पूर्वी झालेले होते. अशा काही कुत्र्यांना उतारवयात झोपेत लघवी आवरत नाही. हरणीचेही तसेच झाले. उठावे तो खालची गोधडी ओली, आणि ही बिचारी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली. पशुवैद्यांनी तपासण्या करून संप्रेरकाची बारीक गोळी लिहून दिली, दिवसाला एक. वर बजावले, "यात आपल्या मनाने काही करायचे नाही. फरक पडला की दाखवायला आणा, मग आपण कमी करत जाऊ."

इकडे महानंदाला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण तिच्या सासूबाईंनी फोनवर स्पष्टच विचारले, "घरात कुत्री मुततीय म्हणं. बाळ-बाळंतिणीला त्या वासात ठेवायचं का?" अप्पांना कळून चुकले, हरणी कोरडी राहिली नाही तर लेक येणार नव्हती आणि घर होते तसेच भकास राहणार होते.

काही आठवड्यांनी अप्पा पेढ्यांचा पुडा घेऊनच दवाखान्यात आले. "डाक्टरसाहेब, गोधडी खडखडीत कोरडी! लेकीला आणायला जायलोय."

पशुवैद्यांनी पुडा बाजूला ठेवला आणि हरणीला टेबलावर घेतले. आंचळे सुजलेली, शेपटीखालचा भाग फुगलेला, कुशीवरचे केस विरळ झालेले. त्यांनी विचारले, "दारापुढे नर कुत्री जमतात का?"

"जमत्यात की! हाकलून हाकलून दमलो."

"गोळी कशी देता, दाखवा."

अप्पांनी खिशातून पाकीट काढले. एक गोळी तळहातावर घेतली आणि हाताच्या सवयीने शेजारी दुसरी ठेवली. पशुवैद्यांनी नुसते वर पाहिले. अप्पा हसले. "साहेब, आमच्या दुकानात माप शिगोशीग भरलं तरी वर पसाभर टाकल्याबिगर पिशवी बांधत न्हाईत. वडलांची शिकवण हाय. परक्याला वर देतो, मग घरच्या जिवाला मोजून कसं द्यावं? अन् पाणीबी सांजच्याला उचलून ठेवतो, म्हणजे काळजीच न्हाई."

पशुवैद्यांनी रबरी हातमोजे चढवले आणि अप्पांच्या हातावरच्या दोन्ही गोळ्या काढून घेतल्या. हरणीचे रक्त तपासणीसाठी घेतले. अप्पांना साबणाने हात धुवायला लावले. ते झाल्यावर पुन्हा धुवायला लावले. मग म्हणाले, "रक्ताचा निकाल येईपर्यंत गोळी बंद. निकाल चांगला आला तर अर्धीपासून सुरू करू. पाण्याचे भांडे कायम भरलेले हवे. आणि अप्पा, गोधडी पुन्हा ओली होऊ शकेल."

"म्हंजे लेक माझी..." हरणीला उचलून अप्पा तसेच निघून गेले.

बाजूला उभी असलेली शिष्या चांगलीच चिडली. "सर, थांबलेला त्रास तुम्ही आपल्या हाताने परत आणलात! निदान मुलीचे बाळंतपण होईपर्यंत तरी चालू द्यायचे होते."

"बस जरा," वृद्ध म्हणाले. "ऑपरेशनमुळे तिच्या शरीरात जे कमी पडते, तेवढेच ही गोळी भरून काढते. त्याहून अधिक गेले की सूज येते, माजावर आल्यासारखी लक्षणे दिसतात, आणि फारच झाले तर हाडांत रक्त तयार होणेही मंदावते. म्हणून गुण आला की उतरत जायचे, किती कमीत भागते ते शोधायचे. पाणी तोडून तर काहीच साधत नाही, जीव तेवढा कोरडा पडतो. आणि हात का धुवायला लावले? हे औषध कातडीतूनही अंगात जाते. त्याच हातांनी ते गर्भार लेकीला भाकरी वाढणार होते. अप्पांची माया खरी आहे गं. पण दुसरी गोळी हरणीसाठी नव्हती. घर रिकामे राहील या भीतीसाठी होती, आणि ती गिळावी लागली हरणीला."

रक्ताचा निकाल चांगला आला. अर्धी गोळी सुरू झाली. अप्पांनी लेकीला फोन करून खरे ते सांगितले: गोधडी अधूनमधून ओली होईल, मी धुईन, पण हरणीला मी सोडणार नाही. महानंदा फोनवर खूप रडली. बाळंतपण मात्र सासरीच झाले.

पुढे एका दुपारी शिष्या हरणीला तपासायला अप्पांच्या घरी गेली. लेकीसाठी चुना दिलेली खोली तशीच बंद होती. अप्पा अंगणात गोधडी धूत होते. हरणी सावलीला पाय ताणून निवांत झोपली होती. तिची सूज उतरली होती, कुशीवर नवे केस येत होते.

"नातू झाला," अप्पा म्हणाले. "फोनवर रडणं ऐकलं त्याचं."

शिष्येने हळूच विचारले, "अप्पा, फार एकटं वाटतं का हो?"

"वाटतं की. लई वाटतं." अप्पांनी डोळे पुसले, हात ओले असल्याने ते अधिकच भिजले. "पण ते दुखणं माझं हाय, पोरी. त्याचं औषध मी हिला कशापायी पाजू?"

शिष्येने गोधडीचे दुसरे टोक धरले, आणि दोघांनी मिळून ती पिळली.