ठकूबाईचा अबोला

करंजठाणच्या चर्चचं दार कधीच पुरतं लागत नाही. उंबऱ्यात जात्याचा खालचा दगड रुतलेला आहे आणि उजवी फळी त्याला अडून थांबते. नवख्या माणसाला तिथे हटकून ठेच लागते. तो कळवळून वाकला, की मंडळीतले सर्वांत जुने शांतवन आबा पुढे येतात. "लागलं? लागू द्या. तिला किती लागलं व्हतं ते ऐका आधी," असं म्हणून ते पायरीवर बसतात आणि ठकूबाईची हकिगत सांगतात.

आबांच्या पणज्याच्या काळातली ही गोष्ट, असे सांगतात. गावकुसाबाहेरच्या घरांनी तेव्हा एकामागून एक बाप्तिस्मा घेतला होता. ठकूबाईने तो कुणाच्या नादी लागून घेतला नाही. उपदेशक रणनवरे मास्तर एकदा तिच्या अंगणात बसले, त्यांनी तिच्या हातचं पाणी मागून घेतलं आणि विहिरीवर बसून परक्या बाईकडे पाणी मागणाऱ्या येशूची कथा सांगितली. "पानी मागनारा देव? मग त्यो माजा," ती म्हणाली. नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं, तरी ती पुढे झाली.

गावाने शिक्षा द्यायला वेळ लावला नाही. सुगीचं बलुतं बंद झालं, पाणवठा बंद झाला, खळ्याभोवती सांडलेले दाणे वेचायलाही मज्जाव झाला. ज्या हातांनी पिढ्यानपिढ्या गावाची मेलेली गुरं ओढली, त्या हातांवर मूठभर दाणे टाकायला गावाचा हात धजेना. हे सांगताना आबांचा आवाज चढतो आणि ते तो खाली आणायचा प्रयत्नही करत नाहीत.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. लोकांनी तरोट्याचा पाला उकडून खाल्ला, तोही संपला, आणि मागोमाग पटकीची साथ आली. एका आठवड्यात ठकूबाईची दोन्ही लेकरं गेली, थोरली मार्था आणि तिच्या पाठचा योना. रणनवरे सांत्वनाला आले. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण पुस्तकात होतं तेवढंच त्याच्या तोंडात होतं. "प्रभूने दिलं, प्रभूने नेलं. त्याची इच्छा, बाई."

ठकूबाई ताडकन उठली. "त्येची इच्छा? दोन कवळी पोरं मारायची? आवो, आमचा पाटीलबी येवढा द्वाड न्हाई! सांगा जावा तुमच्या प्रभूला, ठकी आजपासनं त्येच्याशी बोलत न्हाई!"

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? दिवस मावळायच्या आत पाटलाचा कारभारी पायलीभर जोंधळ्यांची पाटी घेऊन दारात हजर. "तुझा देव काय पावला न्हाई. सोड त्येचा नाद. देवीम्होरं नारळ ठिव अन् हे जोंधळं उचल."

जोंधळ्याचा वास नाकात गेला तशी तिच्या पोटात आग पेटली. हात पुढे करायचा अवकाश होता. पण तिला त्याहून मोठा संताप आला. "लेकरं जित्ती व्हती तवा कुटं व्हती ही पायली? माजं त्येच्याशी भांडान हाय, म्हनून तुमच्याशी सोयरीक जुळली व्हय? उचला ती पाटी, न्हाईतर वड्यात फेकून देते!" कारभाऱ्याने पाटी उचलली. शेजारच्या घरांनी मात्र नारळ ठेवले. त्यांना बोल लावायला आबा तयार नाहीत. भुकेल्याला नावं ठेवायला भरलेलं पोट लागतं, असं त्यांचं म्हणणं.

दळायला दाणा नाही, मग जातं हवं कशाला? ठकूबाईने जात्याचा वरचा दगड लेकरांच्या मातीवर नेऊन ठेवला. खालचा तिने रविवारी लोटत, लोळवत चर्चच्या दारापर्यंत आणला, उंबऱ्यात टाकला आणि वेदीकडे पाठ करून त्यावर बसली.

"भक्तीला आलीस तर आत ये, नीट वळून बस," उपदेशक म्हणाले.

"भक्तीला न्हाई आले. भांडायला आले."

तिने गीत म्हटलं नाही, प्रार्थनेला मान लववली नाही. भक्ती संपली तशी उठून गेली आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसली. असं महिनोन् महिने चाललं, म्हणे. इकडे माणसं गळत गेली आणि शेवटी चर्चमध्ये उपदेशक आणि ठकूबाईची पाठ एवढंच उरलं.

रणनवऱ्यांचाही धीर सुटला. एका रविवारी त्यांनी बायबल फडक्यात गुंडाळलं, वाटेसाठी अर्धी भाकर बांधली आणि नगरला निघून जायचं ठरवून कुलूप हातात घेतलं. बाहेर पडण्याआधी आतूनच फळी ओढली तर ती दगडाला अडली, आणि दगडावर ठकूबाई बसलेली. मग त्या गरीब माणसाचाही बांध फुटला.

"ऊठ! कुणासाठी उघडं ठेवू हे? सगळे गेले. आणि तू तर त्याचं तोंडसुद्धा बघत नाहीस. तुलाही तो नको झालाय, मग लावू दे कुलूप!"

"नगं झाला आसता तर आले कशाला आसते?" ती पाठमोरीच गरजली. "आबोला घरच्या मानसाशी धरत्यात, मास्तर. वाटंवरच्याशी कोन धरतं? माजी पोरं का नेली ते त्येनं मला सांगावं. त्या बिगर मी हितनं हालत न्हाई. अन् उत्तर द्यायला आला त्यो, अन् तुमी दार लावून बसला, तर त्येनं काय करावं?"

रणनवऱ्यांनी कुलूप खाली ठेवलं, बांधलेली भाकर सोडली आणि प्रभुभोजनाचे शब्द म्हणून तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा त्यांनी मागून तिच्या खांद्यावर धरला. सांत्वनाचं अक्षरही ते बोलले नाहीत. तिने मागे न बघता हात वर केला आणि भाकर घेतली. खाताना ती रडली, तीही रागानेच. उपदेशक त्या दिवशी नगरला गेले नाहीत आणि नंतरही कधी गेले नाहीत.

आजही करंजठाणात ज्याचं देवाशी भांडण असेल तो त्या दगडावर पाठ करून बसतो. त्याला 'देवाची इच्छा' म्हणायची कुणाची छाती होत नाही. प्रभुभोजनाची पहिली भाकर त्याच्या खांद्यावरून दिली जाते, मग बाकीच्यांना. मध्यंतरी एका पाळकांनी दगड काढून गुळगुळीत फरशी बसवायचं मनावर घेतलं होतं, तेव्हा बायकांनी गवंड्याची घमेली हिसकून घेतली.

काही लोक सांगतात, मरणाआधीच्या ईस्टरला ठकूबाई वळून बसली आणि तिने गीत म्हटलं. आबांना हे ऐकवत नाही. गोड खाणाऱ्यांनी घातलेली साखर आहे ती, ते म्हणतात. त्यांच्या घरात चालत आलेलं सांगणं वेगळं आहे. ठकूबाई म्हातारी झाली, एकही रविवार तिने चुकवला नाही, आणि एका रविवारी प्रार्थना चालू असताना त्या दगडावरच, पाठमोरी, तिचा जीव गेला.

आजही एखादा पाहुणा निघता निघता विचारतोच, "पण आबा, शेवटी तरी तिनं देवाकडे तोंड करायला हवं होतं, नाही का?"

आबा त्याच्याकडे रोखून बघतात.

"का? लेकरं परत आली व्हती का तिची?"