ठमी शेळीची साक्ष

यजमानाच्या घरी वाद्य उशाशी घेऊन झोपायचं नाही, ते त्याच्या कोठीत ठेवायला द्यायचं, हा बाळोबाकाकांच्या मेळ्याचा नियम होता. उशाशी ठेवलं तर यजमानाला चोर म्हटल्यासारखं होतं म्हणे. सकाळी जे परत मिळेल ते कपाळाला लावायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची. 'का?' असं विचारायचं नाही.

गिरजा लहानपणापासून विचारत होती आणि लहानपणापासून धपाटे खात होती. दरम्यान मेळ्याची एक वीणा गेली, झांजांचे दोन जोड गेले. प्रत्येक वेळी ज्येष्ठ मंडळी वडाखाली बसून ठरवायची की वस्तू आपल्याच हातून कुठेतरी राहिली असणार.

कर्णपूरच्या राजवाड्यात मात्र गिरजाच्या वडिलांचा, आबांचा पखवाज गेला. पखवाजावाचून मेळा उभा राहत नाही आणि आबांना दुसरं काही येत नाही. संध्याकाळी दरबारात गाणं रंगलं, राजाने मान डोलावली आणि लगेच वाड्याचा कोठावळा वाद्यं न्यायला आला. त्याची घाई एवढी, की पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापलेली ओली कणीकही आबांना काढता आली नाही. एरवी गाणं संपलं की ती कणीक खरवडून मेळ्याच्या शेळीला, ठमीला मिळायची. त्या दिवशी ती उपाशीच ओरडत राहिली.

सकाळी सगळं परत आलं, पखवाज आला नाही. कोठावळा म्हणाला की असा काही पखवाज त्याच्याकडे दिलाच नव्हता. बाळोबाकाका लगेच म्हणाले, "असेल बुवा, आपलीच काहीतरी चूक असेल."

गिरजा उठली आणि थेट राजासमोर जाऊन म्हणाली की पखवाज कोठीतच आहे. मागोमाग काका धावत आले, ते तिच्या वतीने माफी मागायला.

राजाने कोठी उघडायला लावली. आत पखवाजांची रांगच होती. सगळे पुसून लख्ख केलेले, सगळ्यांना एकसारखे लाल गोंडे. कोठावळा म्हणाला की हे सरकारी पखवाज आहेत, थोरल्या महाराजांच्या काळापासून इथेच आहेत. आबांनी आपला पखवाज बोटाने दाखवला. पण ते मेळ्याचेच, त्यांचं कोण ऐकणार?

"साक्षीदार आण," राजा गिरजाला म्हणाला. "पण कसा? जो पैसा घेत नाही, कोणाला भीत नाही आणि शिकवलेलं बोलत नाही. सूर्य मावळायच्या आत आण. नाहीतर माझ्या माणसावर खोटा आळ घेतला म्हणून तुमची सगळी वाद्यं जप्त."

काकांनी पुन्हा माफीसाठी हात जोडले.

गिरजा गावात फिरली. पहारेकऱ्याने कोठावळ्याला लाल गोंडे नेताना पाहिलं होतं, पण पहारेकऱ्याचा स्वतःचा जावई कोठावळ्याच्या हाताखाली कामाला होता. हलवाई म्हणाला, मला काही दिसलं नाही. नंतर आवाज खाली आणून म्हणाला, वाड्यात मिठाई माझ्याकडूनच जाते गं. शास्त्रीबुवा साक्ष द्यायला तयार होते, फक्त दक्षिणा कुठल्या बाजूने जास्त येईल ते आधी कळायला हवं होतं.

उन्हं कलली तेव्हा गिरजा दरबारात आली ती ठमीचं दावं धरून. दरबारी तोंडावर शेले धरून हसले.

"महाराज, तुम्ही सांगितला तसा साक्षीदार तुमच्या राज्यात माणसांत सापडला नाही," गिरजा म्हणाली. "म्हणून हिला आणलं."

पखवाज मांडले गेले. गिरजाने दावं सोडलं. ठमीने आधी प्रधानजींच्या शेल्याचं टोक चावून पाहिलं. ते काही तिला रुचलं नाही. मग ती रांगेपाशी आली. हुंगत हुंगत एकापुढून दुसऱ्यापुढे गेली आणि एका पखवाजापाशी थांबून त्याचं डावं तोंड मन लावून चाटू लागली. आबांनी दाखवला होता तोच तो.

कोठावळा मोठ्याने हसला. "महाराज, शेळीच ती! कणकेचा वास आला की चाटणारच. ही काय साक्ष झाली?"

"मग बाकीचे का नाही चाटले तिने?" गिरजाने विचारलं.

"बाकीचे? अगं, वर्षानुवर्षं पडून आहेत ते. त्यांना कणीक कुठून असणार?"

"बरोबर आहे तुमचं. मग याला कुठून आली?"

कोठावळ्याचा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला.

"काल या दरबारात पखवाज कोणी वाजवला, महाराज?" गिरजा म्हणाली. "तुम्ही तर मान डोलावत होतात."

राजाला असं हसू फुटलं की मुकुट सावरावा लागला. दरबारही हसला, कारण राजा हसत होता. बाकीचे पखवाज कोणाकोणाचे, असं त्याने विचारलं तेव्हा मात्र सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. राजाने कोठावळ्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. आबांना पखवाज आणि शाल मिळाली, ठमीला चांदीची घंटा.

"आणि मुली, तुला मोठा मान देतो," राजा म्हणाला. "यापुढे तुमच्या मेळ्याची वाद्यं खुद्द माझ्या महालात राहतील. किल्ली माझ्याकडे."

काकांनी कमरेत वाकून मुजरा केला. "मोठी कृपा झाली, महाराज."

"नको," गिरजा म्हणाली. "आमची वाद्यं आमच्या उशाशी राहतील."

"पोरी!" काका कुजबुजले. "यजमानाचा अपमान होतो."

"आबांचा पखवाज गेला तेव्हा कोणाचा झाला होता, काका?"

राजाने हसू दाबत काकांकडे पाहिलं. काकांनी वळून मागे उभ्या असलेल्या मेळ्यातल्या ज्येष्ठांकडे पाहिलं. ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या रात्री आबा पखवाज उशाशी घेऊनच झोपले.