सुपडू पखाल्याची बाग

गिरणेच्या काठी नांदवण गाव आहे. फार वर्षांपूर्वी त्याच्या बाजारतळावर सावलीचं एक झाड नव्हतं. बाजाराला आलेला माणूस बैलगाडीखाली डोकं घालून भाकरी खायचा, असं म्हणतात.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावानं तिथे बाग करायची ठरवलं. मजुरी नाही, वेठ नाही, सगळं हौसेचं. घरटी एक झाड, आपापल्या पितराच्या नावानं. दिवस मावळायच्या आत आंबा, चिंच, कडुनिंब अशी सत्तर झाडं लागली. ढोल वाजले, पुरणपोळ्या झाल्या.

आठ दिवसांत हौस फिटली. कुणी शेतावर गेलं, कुणी लग्नाला. मागे त्यांची झाडं माना टाकू लागली, पण शेजारी त्यांना तांब्याभर पाणी घालेना. दुसऱ्याच्या पितराला पाणी दिलं, तर आपला तहानेला राहतो, अशी समजूत.

गावात सुपडू पखाली होता. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून घरोघर पाणी भरायचा. तान्हा असताना तो नदीकाठी सुपात सापडला, म्हणून सुपडू. बाप, आजा काहीच ठाऊक नाही, त्यामुळे बागेत त्याचं झाडही नव्हतं. लोक म्हणाले, "सुपड्या, तुझा कुठला पितर रुसणार आहे? तूच घाल बाबा सगळ्यांना."

सगळे हसले. तोही हसला. घरी जाऊन मात्र जेवला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून तो सत्तर झाडांना पाणी घालू लागला. "घ्या तात्या. घ्या काकी. आज ऊन फार आहे." बोलायला त्याला दुसरं होतं कोण?

वैशाख तापला, नदी आटली. सुपडूनं वाळूत पाणी झिरपेल असा खड्डा, म्हणजे झिरा, खणला. रेडा बसला तो उठलाच नाही, तेव्हा त्यानं घागर खांद्यावर घेतली. एकट्याला पुरं पडेना. पाटलीणबाई झाडं बघायला आल्या.

"सुपड्या, आमच्या मामंजींना दोन घागरी जास्त घाल हो."

"चार घालतो, बाई. तुम्ही फक्त शेजारच्या झाडाला एक तांब्या घाला. माझ्यासोबत."

"आणि मामंजी तहानेले राहिले तर?"

"ते पाप माझ्या माथी. मला वर तरी कोण ओळखतंय?"

पाटलीणबाई पदर सावरून घरी गेल्या. सुपडू वाटेकडे बघत राहिला, मग पुन्हा झिऱ्यात उतरला.

सकाळी गाव बघतं तो सत्तरही झाडांची आळी पाण्यानं काठोकाठ भरलेली. झिऱ्याला मांडीएवढी धार फुटली होती. काठावर घागर होती, सुपडू नव्हता. पाणी लागेना म्हणून तो स्वतःच पाणी झाला, असं म्हणतात.

पाटलीणबाई किती तरी वेळ काठावर बसून होत्या. मग उठून त्यांनी घागर भरली, मामंजींचं झाड ओलांडून पुढे गेल्या आणि कोळ्याच्या चिंचेला ओतली. मागे वळून ओरडल्या, "बघता काय? आपलं सोडा, दुसऱ्याचं धरा!"

आजही आखाजीपासून पाऊस पडेपर्यंत नांदवणात कुणी आपल्या झाडाला पाणी घालत नाही, जो तो परक्याच्याच झाडाला घालतो. नवी सून पहिल्या वर्षी घागर घेऊन विचारते, "आत्याबाई, यातलं आपलं कुठलं?"

सासू म्हणते, "कोण जाणे बाई. सुपडूचं नाव घे नि दिसेल त्याला घाल."