तुटक रेघ

त्या राज्यात आधी बीळ खणले जाई आणि मग त्याचा नकाशा काढला जाई.

राज्य घुशींचे होते. एका थोरल्या तळ्याच्या खाली, नदीकडे उतरणाऱ्या जमिनीत ते पिढ्यान्‌पिढ्या पसरत गेले होते. जिथे माती मऊ लागे तिथे घर होई, जिथे दोन घरे एकमेकांना भिडत तिथे भांडण होई, आणि भांडण मिटले की तिथेच चौक होई. दरसाल दरबारची कारकून चिचुंद्री जे खणून झाले असेल ते हुंगत हुंगत फिरे आणि दरबाराच्या भिंतीवर पांढऱ्या मातीने त्याच्या रेघा ओढी. वरातीमागून घोडे येई खरे, पण येई ते नेमके वरातीच्याच वाटेने. त्यामुळे नकाशात जे आहे ते जमिनीत आहेच, याबद्दल तिथे कुणी कधी शंका घेतली नव्हती.

एकच जागा बिनखणलेली होती. तळ्याच्या सांडव्यापासून खाली नदीच्या दिशेने गेलेला एक सखल पट्टा वाडवडिलांनी मोकळा सोडला होता. का सोडला, ते कुणाला ठाऊक नव्हते. पिल्ले तिथे खेळत आणि म्हाताऱ्या ऊन खात बसत.

वाडवडिलांनी दोन कायदेही मागे ठेवले होते. नव्या आळीच्या नकाशावर आखणीपीठाच्या पदवीधराचा पंजा उमटल्याशिवाय तिथे कुणी राहायला जायचे नाही, हा पहिला. आणि पंजा ज्याचा, त्याच्या घरच्यांनी त्या आळीतल्या सगळ्यात खालच्या घरात राहायचे, हा दुसरा. कोणत्या तरी मोठ्या अनर्थानंतर हे कायदे झाले असावेत. अनर्थ सगळे विसरले आणि कायदे तेवढे राहिले. खालचे घर थंड असे, ऐसपैस असे, आणि आयते मिळे. म्हणून त्याला सगळे मानाचे घर म्हणू लागले होते.

सगुणा नावाच्या एका घुशीने आपली थोरली लेक हौसा हिला डोंगरापलीकडच्या आखणीपीठात धाडले, तेव्हा आळीला चघळायला विषय मिळाला. माशाच्या पोराला कुणी पोहायला शिकवते का, असे जो तो विचारी. सगुणा उत्तर द्यायची, "माझी हौसा दातांनी नाही, डोळ्यांनी खणणार आहे." चार वर्षे लेकीच्या वाट्याची खणाईही तिनेच केली. त्यात तिचा पुढचा एक दात झिजून पार हिरडीला टेकला.

पीठात हौसा जमिनीवर पोट टेकून पडायला शिकली. तसे पडले की पाणी कुठून आले होते आणि पुन्हा कुठून येऊ पाहते आहे, हे पोटाच्या कातडीला कळते. पण त्यासाठी तासन्‌तास निपचित राहावे लागते, आणि घुशीच्या जातीला तेच जमत नाही. आधी आखायचे आणि मग खणायचे, हेही ती तिथेच शिकली. जे आहे त्याची रेघ सलग, जे व्हायचे आहे त्याची तुटक. पहिल्यांदा तुटक रेघ ओढली तेव्हा तिने ती पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली. अजून नसलेली गोष्ट भिंतीवर दिसू शकते, याचे तिला फार अप्रूप वाटले.

पदवी म्हणून मिळालेले जाळीदार पिंपळपान तोंडात धरून ती घरी आली. सगुणाने ते दारावर लावले. पण पीठातून वर्षाला चाळीस पदवीधर बाहेर पडत आणि दरबारात जागा असे एक. दीड वर्ष हौसाने धान्याच्या कोठीवर झाडू मारला. येणारेजाणारे विचारत, "काय हौसाबाई, कचऱ्याचा उतार कुणीकडे आहे?" ती हसून झाडत राही. रात्री आई तिच्या पाठीवरून पंजा फिरवी तेव्हा मात्र ती दुसरीकडे तोंड करून झोपे.

मग एक दिवस राज्याच्या मुखत्यारांनी तिला बोलावले. मुखत्यार गोड बोलणारे होते आणि ते कुणावर रागावल्याचे कुणी पाहिले नव्हते. तो मोकळा पट्टा त्यांनी खणवून घेतला होता. दोनशे घरे तयार होती. दोनशे कुटुंबे पिल्लांना पोटाशी धरून नव्या आळीच्या तोंडाशी बसली होती, कारण जुन्या आळ्यांत आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. फक्त एक पंजा उमटायचा बाकी होता.

हौसा आळीत उतरली. सगळ्यात खालच्या घरात जाऊन ती पोट टेकून पडली. पुष्कळ वेळाने मातीतून एक गारवा तिच्या बरगड्यांपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. ती उठली तेव्हा तिच्या मिशा ताठ झाल्या होत्या.

"ही पाण्याची वाट आहे," तिने मुखत्यारांना सांगितले. "तळं भरून सांडलं की पाणी इथूनच जाणार. म्हणूनच ही जागा मोकळी सोडली होती."

"तुझं खरं असेल, पोरी," मुखत्यार म्हणाले. "पण खणून झालंय."

"मग बुजवायला हवं."

"बुजवू. बाहेर दोनशे घरचे बसलेत, त्यांना तेवढं तू सांग." मुखत्यारांनी मिशीवरची माती झटकली. "आणि तुला नसेल जमत तर राहू दे. पंजा उमटवणारे पुष्कळ आहेत. तू आपल्या आळीतली, म्हणून आधी तुला विचारलं. यावर काही उपाय नाही का?"

उपाय होता. खालच्या घराच्या मागच्या भिंतीपासून नदीपर्यंत एक रुंद चर खणला, तर आलेले पाणी आळीत न साचता निघून गेले असते, आणि अडलेल्यांना बाहेर पडायला वाटही झाली असती. लांबी चाळीस हात. शंभर घुशी लागल्या तर तीन दिवसांचे काम.

"मग दाखव की तो नकाशात," मुखत्यार म्हणाले.

"दाखवते. पण तळं भरायच्या आत तो व्हायला हवा."

"आपल्या राज्यात नकाशात असलेलं जमिनीत नाही, असं कधी झालंय का?" मुखत्यार म्हणाले.

हौसाला ते वचन वाटले. मुखत्यार फक्त जे नेहमी घडत आले होते ते सांगत होते. तिने दोनशे घरे सलग रेघांनी काढली, चर तुटक रेघेने काढला, आणि खाली आपला उजवा पंजा उमटवला. त्या क्षणी तिला फार बरे वाटले. चार वर्षांचे, आईच्या दाताचे, दीड वर्षाच्या झाडूचे चीज झाले असे वाटले, आणि तसे वाटल्याबद्दल तिला दोष देता येणार नाही.

आळी गजबजली. सगुणा चार धाकट्या पिल्लांना घेऊन मानाच्या घरात राहायला गेली आणि येईल त्याला मागची भिंत दाखवू लागली. "इथनं निघते बघा वाट, थेट नदीला. आमच्या हौसानं केलीय."

आठ दिवस झाले तरी खणणारे आले नाहीत. हौसा विचारायला दरबारात गेली, तर मोठ्या भिंतीवर तिचा नकाशा उतरवून झाला होता आणि त्यात चराची रेघ सलग होती. कारकून चिचुंद्री खाली बसून पंजे पुसत होती.

"ही रेघ तुटक होती," हौसा म्हणाली.

"होती ना. घाईत राहिली असणार तुमच्याकडून," चिचुंद्री म्हणाली. "मी पुरी केली, बाई. त्याचे काही उपकार मानायला नकोत."

"तो चर अजून झालेला नाही."

चिचुंद्रीने एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा हौसाकडे. "मग नकाशात कसा आला?"

मुखत्यारांकडेही तेच झाले. त्यांनी भिंतीपाशी जाऊन रेघेवर नख ठेवले, ते मानाच्या घरापासून नदीपर्यंत नेले, आणि म्हणाले, "हा काय, आहे की." ते खोटे बोलत नव्हते. हौसाला जी भीती वाटली ती त्यामुळेच. खोटे बोलणाऱ्याला कधीतरी पकडता येते. हे सगळे मनापासून खरे बोलत होते.

ती घरोघर फिरली. शंभर नकोत, दहा जणी तरी चला म्हणाली. खणलेले पुन्हा कशाला खणायचे, असे प्रत्येक दारात ऐकून ती मानाच्या घरी पोहोचली. तिथे मागच्या भिंतीतून गांडुळे बाहेर पडत होती. एकामागून एक, घाई न करता, ती जमिनीवरून दाराकडे निघाली होती आणि वर जात होती. धाकटी पिल्ले ती वेचून खात होती.

"आई, इथनं निघ. आजच. या भिंतीमागं वाट नाही, नुसती माती आहे."

"असं कसं? मी नकाशा बघून आले."

"तो मीच काढलाय, आई."

"म्हणून तर," सगुणा म्हणाली. "तू काढलेलं खोटं कसं असेल? इतकी वर्षं लोक हसले, हौसे. आता कुठं हसायचे थांबलेत. आता तूच आपलं नाव घालवू नकोस." तिने एक गांडूळ उचलून पिलाच्या तोंडात दिले. तिचा आवाज कठोर नव्हता. हौसाला रडू आले, पण रडायला वेळ नव्हता.

तिने घरातूनच खणायला घेतले तेव्हा पहारेकरी आले. मंजूर आळीत जादा खणाई करता येत नाही, हा नियम त्यांनी तिला अदबीने सांगितला, कारण ती पदवीधर होती. मग ती नदीवर गेली. पाण्याची वाट नेहमी खालच्या टोकाकडून वर खणत न्यावी, हे पीठात पहिल्याच वर्षी शिकवत. खालच्या टोकाशी तिने दात लावले; रुंद चर एकटीने होणार नव्हता, म्हणून एक घूस कशीबशी जाईल एवढेच बीळ ती खणत निघाली.

पहिल्या दिवशी चार हात झाले. तिसऱ्या दिवसापासून दगड लागले. नवव्या दिवशी तिचाही पुढचा दात तुटला. सदतिसावा हात पुरा झाला त्या दुपारी वर कुठेतरी काहीतरी बसल्यासारखा, जड असा एक आवाज झाला आणि तिच्या पोटाखालची माती गार पडली. तळे सांडले होते.

तिने कान मातीला लावला. मधे तीन हात जमीन होती. पलीकडून आधी धावणारी पावले ऐकू आली, मग पाण्याची खळखळ, आणि त्याच्यावर आईचा आवाज. त्यात भीती नव्हती.

"रेटारेटी करू नका. लेकुरवाळ्या आधी. इथंच तोंड आहे वाटेचं, नकाशात बघितलंय ना सगळ्यांनी? एकेक करून या."

"खणा!" हौसा ओरडली. "आई, मधे माती आहे! तुम्ही पलीकडनं खणा!"

पाण्याच्या आवाजात पलीकडे शब्द पोहोचले नाहीत, फक्त हाक पोहोचली. पलीकडची पावले थांबली.

"ऐकलंत?" सगुणा म्हणाली. "माझ्या लेकीचा आवाज आहे. पलीकडनं येतोय. म्हणजे वाट मोकळी आहे."

रांगेतून समाधानाची कुजबुज फिरली. हौसा तुटक्या दातांनी, पंजांनी, नाकाने माती उकरत राहिली आणि मधेच थांबून ऐकत राहिली. पलीकडे दोनशे घरच्या घुशी होत्या, डोळे उघडण्याआधी खणायला लागलेल्या, आणि एकाही नखाचा आवाज येत नव्हता. पाणी चढत होते. कुणीतरी मागून म्हणाले, जरा पुढे सरका. रांग एक पाऊल पुढे सरकली, भिंतीला टेकली, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी राहिली.