मोहझरीचा बसणारा प्रतिनिधी

सातपुड्याच्या पायथ्याला एक जंगल होतं आणि जंगल असूनही ते लुथरन या ख्रिस्ती पंथाचं होतं. म्हणजे तिथे आरडाओरडा नव्हता, चिरफाड नव्हती. जे काही व्हायचं ते ठराव करून व्हायचं. पंथाचा मूळपुरुष कोणे एके काळी बादशहापुढे एकटाच ठाम उभा राहिला होता, याचा प्राण्यांना भारी अभिमान. त्यामुळे उभं राहणं हे तिथे पुण्याचं काम समजत.

पाळक, म्हणजे धर्मगुरू, सगळे बगळे. पांढरा झगा जन्मतःच अंगावर, शिवायचा खर्च नाही. त्यांच्यावर महापाळक सारस. पण बगळ्यांचंच राज्य होऊ नये म्हणून नियम होता: महासभेत प्रत्येक बगळ्यामागे त्याच्या मंडळीतला, म्हणजे भाविकांतला, एक साधा प्राणी प्रतिनिधी असायचा. त्याने सभेला जावं, ऐकावं, आपल्या विवेकाने मत द्यावं आणि परत येऊन मंडळीला सगळं सांगावं. मत द्यायची रीतही सोपी होती. ठराव मान्य असेल त्याने उभं राहायचं, नसेल त्याने बसायचं.

त्या वर्षी कुणकुण लागली की मोहझरीचा डोह मगरींना देखभालीसाठी द्यायचा घाट चाललाय. मोहझरीच्या मंडळीला पाण्याची दुसरी जागा नव्हती. महासभेला कोणाला पाठवायचं, यावर मंडळी विचाराला बसली.

"बसणारा पाठवा," मार्था टिटवी म्हणाली. "बोलणारे नकोत. तिकडे जाऊन सगळे गोडच बोलतात."

बसण्यात शांतवन रेड्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा डोहात बसला की वीज पडली तरी उठत नसे. त्याची निवड बिनविरोध झाली. शिंगाला फीत बांधली तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि आधीच ते काही कमी नव्हतं.

"शांतवनदादा, एकच काम," मार्थाने बजावलं. "डोहाचं नाव निघालं की बसायचं. बाकी काही करू नका, बाबा."

"अहो मार्थाबाई, मला काय शिकवता? मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

महासभा झकास होती. उसाची कांडी होती, काकड्या होत्या, आभाराची भाषणं होती. शांतवन सकाळपासून बसूनच होता. बगळ्यांच्या पोशाखनिधीला तो बसला, काकड्यांच्या आभारालाही बसला. शेजारच्या नीलगायीला वाटलं, काय हा बाणेदार प्राणी! शांतवनलाही तसंच वाटू लागलं होतं. डोहाचं नाव मात्र कोणी काढेना.

शेवटी महापाळक सारसाने पंख पसरले. "बंधुभगिनींनो, आशीर्वादासाठी उभे राहू या."

आशीर्वादाला कोण बसून राहील? सगळी सभा उभी राहिली. शांतवनही राहिला.

"प्रभू तुमचं रक्षण करो," सारस डोळे मिटून म्हणाला. "तुमच्यावर कृपा करो. मोहझरीचा डोह मगरबंधूंच्या प्रेमळ देखरेखीखाली देण्याचा ठरावही आपल्यापुढे आहे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी निःसंकोच खाली बसावं. आशीर्वाद अजून चालू आहे."

शांतवनचे गुडघे वाकले. खरंच वाकले. तेवढ्यात मोहझरीचाच पाळक बगळा त्याच्या कानाशी फुसफुसला, "अहो, काय करताय? आशीर्वाद चाललाय! चारचौघांत मंडळीची शोभा करणार का?"

शांतवन अर्ध्यावर थांबला. नीलगाय बसली की आपण बसू, असं त्याने ठरवलं. नीलगायही अर्धी वाकून त्याच्याकडेच बघत होती. साळिंदर रानडुकराकडे बघत होतं, रानडुक्कर भेकराकडे. अर्धी सभा गुडघ्यात वाकून एकमेकांचा अंदाज घेत राहिली.

"आमेन," सारस म्हणाला. "ठराव एकमताने मंजूर. काही जण तर भक्तिभावाने वाकलेले दिसतात. धन्य आहे."

परत येऊन सांगणं हेही कर्तव्यच होतं. शांतवन फितीसकट मान खाली घालून मंडळीपुढे आला.

"बसलात?" मार्थाने विचारलं.

"बसत होतो."

"म्हणजे काय, दादा?"

"गुडघे वाकले होते, मार्थाबाई. पुष्कळ वाकले होते." त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की अंग चिखलात बुडवावंसं वाटलं. पण आता चिखल मगरींचा होता. डोहातून एक मगर अदबीने म्हणाली, "या ना, या. पाणी सगळ्यांचंच आहे." कोणी पुढे झालं नाही.

पाळक बगळ्याने घसा साफ केला. "शांतवनभाऊंनी एवढे कष्ट घेतले, त्यांच्या आभाराचा ठराव मी मांडतो. आधी प्रार्थनेला उभे राहू या."

मंडळी उभी राहिली. मार्थासुद्धा, दात नव्हते म्हणून चोच खात. एकटा शांतवन वाळक्या गवतात मटकन खाली बसला. त्याच्या आयुष्यातलं ठरवून दिलेलं ते पहिलं विरोधी मत होतं, आणि ते त्याने स्वतःच्या आभाराविरुद्ध दिलं.

"एक बसलाय," मार्था म्हणाली.

"विनयाने," बगळा म्हणाला. "एकमतच धरू या. आणि पुढच्या सभेलाही यांनाच पाठवू. आता त्यांना बसण्याचा अनुभव आहे."

प्रार्थना अजून संपलेली नाही. पाय भरून आलेत, घसे कोरडे पडलेत, आणि जो तो शेजाऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत उभा आहे.