घोडीची चंदी आणि शेटजींचे ताट

घाटमाथ्यावरील एका पेठेत एकदा एक सुपारीचा व्यापारी राहत असे. नाव रेवणशेट. गृहस्थ व्यवहाराला चोख, शब्दाला पक्के आणि देहाने असे भरघोस, की ते दुकानाच्या गादीवर बसले म्हणजे गिऱ्हाइकाला उभ्यानेच सौदा करावा लागे. दसरा झाला की पेठेतील व्यापाऱ्यांचा तांडा घाट उतरून कोकणात जाई आणि सुपारी-नारळाचा माल बैलांवर लादून पुन्हा घाट चढून येई. रेवणशेट या तांड्यासोबत आपल्या घोडीवरून जात. घोडीचे नाव कवडी. तिची आई तिला जन्म देऊन लगेच गेली. तेव्हा रेवणशेटनीच चिंधी दुधात भिजवून त्या शिंगराला चोखायला दिली होती. पोटच्या लेकराइतकी त्यांची तिच्यावर माया होती.

गेल्या खेपेस परतीच्या वाटेवर विपरीत घडले. घाटातील अत्यंत अरुंद वळणावर, जेथे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी आहे, कवडीचे पुढचे पाय अकस्मात दुमडले. शेटजींना खाली उतरवून घोडी उभी करीपर्यंत मागचे सारे बैल जागच्या जागी खोळंबले. एक बैल बिचकून मागे सरू लागला, तो दरीच्या काठावर कसाबसा आवरला गेला. माथ्यावर आल्यावर तांड्याचे प्रमुख बापूशेट यांनी रेवणशेटना बाजूला घेतले.

"राग मानू नका शेट, पण पुढच्या खेपेला ही घोडी तांड्यात नको. सपाटीवर टांग्याला लावा, अजून दहा वर्षे सुखाने चालेल. घाटात तुमच्याखाली ती मरेल, आणि जाताना आम्हा चौघांना सोबत नेईल."

"अहो, घोडी कशाला विकता?" मागून कोणीतरी ओरडले. "शेटजींनाच काढा की विकायला! वजनावर चांगले जातील!"

सारा तांडा हसला. रेवणशेटही हसले. भार आपला आणि शिक्षा मुक्या जनावराला, हा न्याय मात्र त्यांना पटेना. "दसऱ्याला मी याच घोडीवरून निघेन," ते म्हणाले, "आणि ती वळणावर थांबली, तर माथ्यावर येताच तिचा लगाम टांगेवाल्याच्या हाती देईन. हा माझा शब्द."

शब्द देणे सोपे असते. दिवाळीचा फराळ गेला, लग्नसराई गेली, आंब्याचे दिवस गेले आणि शेटजींचा देह होता तेथेच राहिला. आषाढाच्या आरंभी टांगेवाला सहज म्हणून तबेल्यात डोकावून, कवडीचे दात पाहून गेला, तेव्हा कोठे शेटजींची झोप उडाली.

त्या सुमारास पेठेतील देवळात एक तपस्वी चातुर्मासासाठी उतरले होते. दिवसाकाठी एक वाटी दूध आणि एक केळे, एवढाच त्यांचा आहार. काया वेताच्या छडीसारखी. रेवणशेटनी मनाशी ठरविले, की हाच आहार आपला. आषाढी एकादशीपासून त्यांनी तो सुरूही केला.

आरंभी करदोटा बोटभर सैल झाला, तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटे उरला. परंतु लवकरच दुकानात बसल्या बसल्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. गिऱ्हाइकावर ते खेकसू लागले. सुपारी निवडताना हात कापू लागले. सायंकाळी चार पावले चालण्याचा जो नेम होता, तोही सुटला.

"अहो, हे काय मांडलंय?" पत्नी गिरिजाबाई म्हणाल्या. "ते महाराज दिवसभर आसनावर बसून जप करतात. तुम्हाला पोती हलवायची असतात. त्यांचं जेवण तुम्हाला कसं पुरेल?"

"तुला काय कळतं त्यातलं? जितकं कमी खावं तितकं लवकर उतरतं. साधा हिशोब आहे."

"हिशोब तुमचा, चक्कर मात्र सगळ्या घराला येते आहे!"

नागपंचमीला घरात पुरणाची दिंडे शिजली. त्या वासाने शेटजींचा सारा निश्चय वितळला. त्यांनी पहिले दिंड प्रसाद म्हणून घेतले, दुसरे गिरिजाबाईंचे मन मोडू नये म्हणून. पुढची कोणत्या कारणाने घेतली ते त्यांनाही सांगता आले नसते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण त्यांनी पंचमीलाच खरी केली. करदोटा पूर्ववत कमरेत रुतला. दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाने त्यांनी दुधाची वाटीही अर्धी केली, आणि त्याच दुपारी ते दुकानाच्या पायरीवर कोसळले.

शुद्धीवर आल्यावर त्यांना आपले गुरुजी आठवले. लहानपणी त्यांच्याकडून धूळपाटीवर अक्षरे आणि अंक गिरवून घेणारे ते वृद्ध गुरुजी आता गावाबाहेरच्या मठीत राहत असत. दोन दिवसांनी पायांत बळ आले, तसे शेटजी कवडीचा लगाम धरून, थांबत थांबत तेथे पोहोचले आणि ओसरीवर मटकन बसून त्यांनी आपले दूध-केळ्याचे व्रत आणि त्यामागचा हिशोब सांगितला.

"गुरुजी, मी हरलो. माझ्या अंगात निग्रहच नाही. मला यापेक्षा कठोर असे एखादे व्रत सांगा."

गुरुजींनी त्यांच्या निस्तेज चेहऱ्याकडे पाहिले. मग अंगणात बांधलेल्या घोडीकडे पाहिले.

"रेवण्या, ही घोडीसुद्धा अंगाने सुटली आहे रे."

"पावसाळाभर दावणीला उभी आहे ना गुरुजी. काम नाही, धाव नाही. पण तिची चिंता नको; तिला दसऱ्यापर्यंत कशी हलकी करायची ते मला ठाऊक आहे. तिचे मी पाहतो, माझे तेवढे तुम्ही पाहा."

"आपण उलट करू. तुझे तू पाहतच आहेस. तिचे मी पाहतो. आजची रात्र तिला येथेच राहू दे. हे तुझे कठोर व्रत मला फार आवडले आहे."

शेटजींना या बोलण्याचा अर्थ लागला नाही. परंतु गुरूंचा शब्द मोडण्याची सवय नव्हती. घोडी मठीत ठेवून ते घरी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतात, तो कवडीचा दाण्याचा तोबरा रिकामा, खुंटीवर उंच टांगलेला. गवताची पेंढी कुंपणापलीकडे. आणि घोडीच्या पुढ्यात एका पितळी वाटीत थोडेसे दूध, शेजारी सोललेले एक केळे! घोडी वाटी हुंगे, फुरफुरे आणि तोंड फिरवी.

"गुरुजी! हे काय?"

"तुझेच व्रत. जितके कमी खावे तितके लवकर उतरते. दसऱ्यापर्यंत एवढ्यावरच ठेवू तिला."

आजवर गुरूंपुढे मान वर न केलेल्या रेवणशेटचा आवाज साऱ्या मठीत घुमला. "मारायची आहे काय तिला? घोड्याला असे उपाशी ठेवतात? अहो, चरबी राहील बाजूला, आधी पायांतले बळ जाईल! सुटलेल्या घोडीचे गवत तोडायचे नसते. ती रोज किती चंदी-दाणा खाते ते पाहायचे, त्यातला पाव हिस्सा काढायचा, आणि तिला रोज फिरवून आणायचे. ज्या दिवशी ओझे जास्त, त्या दिवशी मूठभर हरभरा परत वाढवायचा. तबेल्यात धडपडू लागली तर समजायचे, आपण जास्त तोडले."

"आणि शेजारच्या इनामदाराचा घोडा तर म्हणे पाच मुठी हरभऱ्यावर राहतो. मग हिलाही पाचच मुठी पुरे, नाही का?"

"तो घोडा केवढा, ही केवढी! तो मिरवणुकीत उभा राहतो, ही घाट चढते! त्याचे माप हिला कसे लागेल?"

"आणि रोज सकाळी बरगडी चाचपून पाहायची ना, हाताला लागते की नाही?"

"रोज पाहून काय दिसणार? आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा हात फिरवायचा. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर आणखी एखादी मूठ काढायची. याला धीर लागतो गुरुजी, धीर!"

आपलाच शब्द आपल्या कानांवर पडला, तशी रेवणशेटची नजर घोडीवरून त्या दुधाच्या वाटीकडे वळली.

गुरुजी हसले. "आधी हिच्या तोंडाकडे नीट पाहा. ओठांना हरभऱ्याचा कोंडा लागलेला आहे. पहाटेच तिने पोटभर खाल्ले. मी वृद्ध झालो असेन, निर्दय झालेलो नाही." मग त्यांनी दुधाची ती वाटी उचलून शेटजींच्या हाती दिली. "हे तू पी. आणि ऐक. जनावराच्या बाबतीत जे शास्त्र तुला मुखोद्गत आहे, ते स्वतःच्या ताटापाशी बसताच तू विसरतोस; कारण घोडीला तू सुदृढ करू पाहतोस आणि स्वतःला मात्र दंड देऊ पाहतोस. देहाचा भार हा अपराध नव्हे, की त्याला कारावास द्यावा. जे माप उद्या पाळता येणार नाही, ते आजही मापच नव्हे. तपस्व्याचे माप तपस्व्याला शोभते. तुझे माप तुझ्या देहातून, तुझ्या वयातून आणि तुझ्या श्रमातून निघाले पाहिजे. जा. आठ दिवस नेहमीसारखा जेव, काही लपवू नकोस, काही वगळू नकोस. मग त्यातला पाव हिस्सा काढ. आणि घोडीला फिरवायला नेशील, तेव्हा तिच्यावर बसू नकोस."

शेटजींनी वाटी तोंडाला लावली. इतके गोड दूध त्यांनी महिनाभरात प्यालेले नव्हते.

त्या दिवसापासून शेटजींच्या घरी निराळाच परिपाठ सुरू झाला. आठवडाभरात त्यांना असे आढळले, की जेवणांच्या मधे नकळत बरेच पोटात जाते: दुकानातील शेंगदाणे आणि गूळ, गिऱ्हाइकाबरोबरचा चिवडा, निजण्यापूर्वीची साय. तोच पाव हिस्सा होता, तोच गेला. भाकरी, आमटी, पालेभाजी आणि ताक ताटात पूर्वीइतकेच राहिले. चक्कर थांबली. हात स्थिर झाले. रोज सकाळी पुढे शेटजी आणि मागे कवडी, अशी जोडी नदीपर्यंत जाऊन येऊ लागली.

"अहो, तुम्ही घोडीला फिरवता की घोडी तुम्हाला?" पाणवठ्यावरून बायका विचारीत.

"ज्याला आधी दम लागेल त्याला विचारा!" शेटजी उत्तर देत.

गणेशचतुर्थीला गिरिजाबाईंनी भीतभीत मोदक पुढे केला. शेटजींनी तो आनंदाने, तुपासह खाल्ला आणि रात्रीची एक भाकरी कमी घेतली. नागपंचमीचा पूर पुन्हा आला नाही. कारण बांधच इतका उंच नव्हता, की तो फुटावा. एकदा दोन बाजार उलटले तरी करदोटा हलला नाही, तेव्हा त्यांच्या मनात पुन्हा अर्ध्या वाटीचा मोह उभा राहिला. त्यांनी कवडीच्या बरगडीवर हात ठेवला, स्वतःशीच हसले आणि फक्त चहातली साखर कमी केली. पुढच्या बाजारी करदोट्याची गाठ नव्याने बांधावी लागली.

दसऱ्याला कवडीच्या कपाळी कुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ पडली. तांडा जमला. बापूशेटनी रेवणशेटना आपादमस्तक न्याहाळले.

"शेट, पोट अजून आहे की!"

"आहे. पण पूर्वी ते मला नेत असे, आता मी त्याला नेतो."

तांडा घाट उतरला, सौदे झाले, माल लादला गेला आणि परतीच्या चढणीला सर्वांची पावले लागली. घाटाचा पहिला टप्पा रेवणशेट लगाम हाती धरून पायीच चढले. त्यांना तसे करताना तांड्याने प्रथमच पाहिले. नंतर ते घोडीवर बसले. ते वळण जवळ येऊ लागले, तसे मागच्यांनी आपापले बैल आवरून धरले. टांगेवाला माथ्यावर वाट पाहत उभा होता, हे सर्वांना ठाऊक होते.

शेटजींनी टाच मारली नाही. त्यांनी केवळ कवडीच्या मानेवर तळहात ठेवला. घोडीने कान टवकारले, पुढचे पाय रोवले, खडकावर नाल खणखणली, आणि एका दमात, जणू पाठीवर कोणी नाहीच अशी, ती वळण पार करून वरच्या सपाटीवर जाऊन उभी राहिली. तेथे ती अशी खिंकाळली, की दरीने तो आवाज दोनदा परत पाठविला.

"वा रे माझी बाय!" शेटजी ओरडले, आणि मागून साऱ्या तांड्याने आरोळी ठोकली. गेल्या वर्षी हसलेले तेच कंठ आता शेटजींचा जयजयकार करीत होते. माथ्यावर पोहोचताच शेटजींनी टांगेवाल्याला पानसुपारी दिली, नमस्कार केला आणि लगाम आपल्याच हाती ठेवला. टांगेवाल्याने घोडीच्या भरलेल्या खांद्यांवरून एकदा हात फिरवला आणि तोही मनमोकळे हसला.

इतक्यात धापा टाकीत, घाम पुसत बापूशेट वर आले. गेल्या वर्षभरात त्यांचाही घेर वाढला होता.

"शेट, मानलं तुम्हाला! कोणतं व्रत केलंत?"

"व्रत नाही बापूशेट. रोज जेवलो."

"थट्टा पुरे. किती भाकऱ्या, किती आमटी, ते नेमकं सांगा. उद्यापासून मीही तेवढंच खातो, एक घास जास्त नाही!"

रेवणशेट घोडीवरून उतरले, बापूशेटजवळ दगडावर बसले आणि मृदू स्वराने म्हणाले, "माझं माप तुम्हाला कशाला? आधी सांगा, तुम्ही दिवसभरात काय काय खाता, आणि किती चालता?"

वजन उतरवू पाहणाऱ्याने दिवसाच्या उष्मांकांचे लक्ष्य ठरविताना दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. आपलाच आहार आणि आपलेच श्रम ध्यानी घेऊन स्वतःला एवढेच विचारावे, की हे माप पाळून उद्या माझा घाट मला चढता येईल काय?