मेणावरची दोन अक्षरं

‘…मग चर्चच्या दारावर काय लिहू, फादर? नुसतं ‘दाम्नातुस’, की ‘कॉन्देम्नातुस’?’

फादर मनवेल व्हरांड्यात केळं सोलत बसले होते. थोरले फादर मुंबईला इस्पितळात होते, म्हणून वसईकडच्या या लहानशा गावाचा कारभार सध्या या निवृत्त म्हाताऱ्याकडे आला होता.

‘कोणासाठी?’

‘बस्त्याव मच्याडोसाठी. पहाटे वारला. त्याला पवित्र मातीत जागा नाही आणि मरणाची घंटाही नाही, असं लिहून लावायचं आहे. गावकरी थांबलेत.’

विचारणारा एलायस डाबरे. सेमिनरीत लॅटिनमध्ये पहिला, आणि हे तो गावाला विसरू देत नसे. फादर व्हायला अजून अवकाश होता, पण चालीत फादरपण आधीच येऊन बसलं होतं.

‘अर्थ काय त्या शब्दाचा?’

एलायस खुलला. हा तर त्याच्या हातचा मळ.

‘दोषी ठरवलेला. शिक्षा सुनावलेला. धिक्कारलेला. कोर्टात एक अर्थ, धर्मात त्याहून भारी. आणि सगळ्याचं मूळ ‘दाम्नुम’. नुकसान.’

‘कोणाचं?’

‘अं?’

‘नुकसान कोणाचं?’

‘अर्थातच त्याचं, फादर.’

फादरांनी शांतपणे केळं संपवलं.

‘त्याने केलं काय?’

‘बारा वर्षांपूर्वी भर मिस्सेत, सगळं गाव प्रार्थनेला जमलेलं असताना, उभा राहिला आणि वेदीवरच्या फादरना म्हणाला, तुम्ही खोटं बोलता. त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही. साऱ्या गावाला ठाऊक आहे.’

‘वेदीवर कोण होतं?’

‘…माझे मामा. तेव्हाचे फादर. आता नाहीत.’

फादरांनी केळ्याची साल बाजूला ठेवली.

मग म्हणाले, ‘ठीक आहे. निकाल तूच दे. पण शब्द रोमचा आहे, तर रीतही रोमचीच.’

त्यांनी खोक्याची एक पातळ फळी आणली. वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटकं पळीत वितळवली, मेण फळीच्या दोन्ही बाजूंना फासलं, निवू दिलं. एका बाजूला खिळ्याने रोमन लिपीतलं ‘ए’ कोरलं, दुसऱ्या बाजूला ‘सी’.

‘ए म्हणजे?’ फादरांनी विचारलं.

‘आब्सोल्वो. मी सोडतो.’

‘सी?’

‘कॉन्देम्नो. मी दोषी ठरवतो.’

‘रोममध्ये पंचाच्या हातात अशी पाटी देत. नको असलेलं अक्षर त्याने स्वतःच्या बोटाने पुसायचं. पूस.’

एलायसला हसू आलं. एवढंच ना! त्याने फळी मुठीत धरली आणि ‘ए’वर अंगठा दाबला. मेण घट्ट होतं. त्याने दात-ओठ खाऊन रगडलं, तेव्हा कुठे अक्षर गेलं.

‘झालं,’ तो म्हणाला.

‘उलटी कर.’

त्याने फळी उलटी केली. खालच्या बोटांच्या दाबाने ‘सी’ही पुसलं गेलं होतं. दोन्ही बाजू सपाट.

‘अशी पाटी रोममध्ये मोजत नसत,’ फादर म्हणाले. ‘रागात मूठ आवळली की असंच होतं.’

एलायसचे कान लाल झाले. पहिला नंबर, आणि एक अक्षर पुसता येत नाही!

‘पुन्हा द्या. कडेला धरतो.’

फादरांनी पुन्हा मेण फासलं, पुन्हा अक्षरं कोरली.

‘आणखी एक राहिलं. पंच घरात बसून पुसत नसे. बाही वर करायची, दंड उघडा टाकायचा आणि सगळ्यांच्या देखत पाटी द्यायला जायचं. जा. ती तिथे बसली आहे.’

चर्चच्या पायरीवर बस्त्यावची बायको रेमेत सकाळपासून बसून होती. पलीकडे क्रुसापाशी गावातले चार मोठे उभे होते. एलायस झग्याची बाही वर सारून तिच्यासमोर गेला. त्याला वाटलं, ही आता रडेल, पाय धरेल. त्याची त्याने तयारीही केली होती.

रेमेत रडली नाही. तिने फळीकडे पाहिलं.

‘ब्रदर, यात ह्यांचं अक्षर कोणतं?’

एलायसने खाली पाहिलं. अंगठा ‘ए’वर होता आणि ऊन लागून मेण मऊ पडत चाललं होतं. आता नुसतं दाबायचा अवकाश… आणि त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं, की या माणसाबद्दल आपण गावभर बोललो, पण त्याच्या घरी एक शब्द विचारला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

‘रेमेतबाय… काका चर्चबद्दल कधी काही बोलायचे?’

‘बोलायचे नाहीत. शब्द गेला तो गेला, आता कुठल्या तोंडाने जाऊ, एवढं एकदा म्हणाले.’ ती थांबली. ‘संध्याकाळची घंटा झाली की वाफ्यात उभे राहायचे. टोपी काढून. आधी इकडेतिकडे बघायचे, कोणी पाहत नाही ना. मी विड्याच्या पानांच्या वेलीआडून बघायची.’

‘रोज?’

‘रोज. पावसात पण. मी म्हणायची, डोकं भिजतंय. तर म्हणायचे, गप, घंटा चाललीय.’

एलायसने अंगठा उचलला.

मग त्याने फळी उलटी केली, कडेला नीट धरली आणि ‘सी’वर अंगठा ठेवून असा रेटला, की मेणाची सालपटं निघून पायरीवर पडली. पाटी डोक्यावर धरून तो क्रुसाकडे वळला.

‘आब्सोल्वो!’ तो ओरडला.

गावकऱ्यांना ओ की ठो कळलं नाही. त्यातले पास्कू लोपीस पुढे आले.

‘ब्रदर, कागद कुठेय? दारावर लावायचा ना?’

‘कागद नाही. खड्डा खणा, पास्कूकाका. आत, पवित्र मातीत, आमच्या मामांच्या शेजारी जागा आहे.’

‘अरे पण त्याने तुझ्याच मामाला…’

‘माझ्याच मामाला. म्हणून मीच सांगतोय.’

पास्कूंनी व्हरांड्याकडे पाहिलं. फादर मनवेल केळ्याची साल गोळा करत होते. त्यांनी मान हलवली, एवढंच.

एलायस धावत घंटेच्या मनोऱ्यात शिरला. झगा गुडघ्यात अडकला, तो त्याने कमरेला खोचला. दोराला लोंबकळलाच म्हणा ना. पहिला टोल अडखळत पडला. दुसरा मोकळा, मोठा, थेट खाडीपर्यंत गेला.

वाड्यांमधून माणसं बाहेर आली. कोणी पाण्याचा पाट तसाच सोडून आलं, कोणी हातातलं खुरपं घेऊनच. कोणासाठी, कोणासाठी, असं विचारत आली आणि कळल्यावर गप्प झाली. क्रुसापाशी सगळ्यात आधी पास्कू लोपीसनी आपली लाल टोपी काढली. मग शेजारच्याने. मग साऱ्या वाटेवर कोणाच्या डोक्यावर टोपी राहिली नाही.

रेमेत पायरीवरून उठली. पदर सावरून ती त्या सगळ्यांच्या मधून घराकडे चालू लागली, ताठ मानेने, नवऱ्याला आणायला. लोकांनी तिला वाट करून दिली आणि तिच्या मागे निघाले.

फादर मनवेल काठी टेकत मनोऱ्याच्या दारात आले. एलायस घामाने निथळत होता, तळहात सोलवटले होते, आणि तो हसत होता.

‘फादर!’ टोलांच्या वर आवाज चढवून त्याने विचारलं. ‘किती वेळ वाजवू?’

‘कोणासाठी वाजतेय, ते तुला ऐकू येईपर्यंत.’